बॉनेटवरची टेकडी

दादाने गाडीची जाहिरात लिहिली तेव्हा तिच्यात गाडीचे फक्त दोष होते. उजव्या दाराची काच शेवटचं बोटभर हाताने वर ओढावी लागते. कापडी टपाला मागे डाव्या कोपऱ्यात रफू आहे. थंडीत पहिल्या प्रयत्नात चालू होत नाही. पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवू नये. पावसात पाय भिजतात. त्याखाली फोन नंबर, आणि सगळ्यात शेवटी एक अट: रंग बदलायचा असणाऱ्यांनी येण्याची तसदी घेऊ नये.

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. "आणि चांगलं काही?"

"ते गाडी सांगेल," दादा म्हणाला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पिंपरीकडच्या एका कारखान्यात तो टूलरूमला होता, म्हणजे यंत्रांचे भाग ज्या हत्यारांनी बनतात ती हत्यारं जिथे बनतात तिथे. तिथे केसाच्या जाडीचाही फरक चालत नाही, आणि ते वळण त्याच्या बोलण्यालाही लागलेलं. गरजेपेक्षा एक शब्द जास्त नाही. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की तो "गॅरेज एकच आहे" असं सांगायचा आणि विचारणारा पुढचा प्रश्न गिळायचा. मी त्याच्या अगदी उलट. सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली, त्यामुळे एकच वाक्य तीनदा आणि मोठ्याने सांगायची मला सवय. यजमान गेल्यावर मी धायरीच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर राहायला आले. खाली दादा आणि गाडी.

गाडी इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची, उघड्या टपाची. इतकी बुटकी की आत बसलं की रस्त्यावरचा कुत्राही बरोबरीचा वाटावा. रंग गडद हिरवा, कढीपत्त्याच्या जून पानाचा असतो तसा. टँकर आणि टेम्पोंच्या गर्दीतून ती जायची तेव्हा लोक एकमेकांना शिव्या द्यायचे थांबायचे, हे मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलेलं आहे. मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण रविवारी सकाळी ती गॅरेजमधून बाहेर यायची तेव्हा मी हातातलं काम टाकून वरच्या गॅलरीत उभी राहायचे. इतकी वर्षं बघून डोळ्यांना सवय व्हायला हवी होती, ती झाली नाही.

विकायचं कारण दादाचा उजवा हात. तो थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाला कळलं, मग आम्हाला. डॉक्टरांनी औषधं सुरू केली आणि गाडी चालवणं बंद केलं. दादाने वाद घातला नाही. काही महिने तो रविवारी नुसतं इंजिन चालू करून आत बसून राहायचा आणि बंद करून बाहेर यायचा. मग एका रविवारी जेवताना म्हणाला, "उभी राहून खराब होईल. घेणाऱ्याच्या शेजारी बसून मला तिच्या खोड्या सांगता येतायत, तोवर दिली पाहिजे."

घेणाऱ्याने ती चालवावी, हे मला पटत होतं. पण त्याचा खरा जीव त्या शेवटच्या अटीत होता. रंग खरवडायचा नाही, वर दुसरा मारायचा नाही, एवढंसं टचअपसुद्धा नाही. ही अट मोडणार असेल तर गाडी विकायचीच नाही, गॅरेजमध्ये गंजू द्यायची, असं त्याने मला स्पष्ट सांगितलं. जुना रंग म्हणजे मूळ रंग, मूळ रंग म्हणजे किंमत, असं काहीतरी गाडीवाल्यांचं शास्त्र असणार असं मी धरून चालले.

किमतीचंही त्याचं शास्त्र वेगळंच निघालं. गाडीला पडले ते पैसे, सुट्या भागांना पडले ते पैसे, बेरीज झाली. "आणि तुझी मेहनत?" मी विचारलं.

"हौस होती. हौसेचे पैसे लोकांकडून कसे घ्यायचे?"

माझं डोकंच फिरलं. या माणसाने इतक्या वर्षांचे रविवार त्या गॅरेजमध्ये घातले, लग्नकार्यं चुकवली, माझ्या मुलीच्या बारशालाही हाताला ग्रीसचा वास घेऊन आला, आणि हिशेबात शून्य? मी त्याला मोठ्याने, तीनदा समजावलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी म्हटलं, "इतक्या स्वस्तात दिलीस तर लोकांना वाटेल चोरीची आहे." हे मात्र त्याला लागलं. किमतीची जागा मोकळी ठेवून मी जाहिरात फोनवरून एका साइटवर टाकली.

फार लोक आलेच नाहीत. दोषांची यादी वाचून कोण येणार? आले ते हौशे. एकाला ती मुलाच्या लग्नात वरातीसाठी हवी होती, तीही एका दिवसापुरती. एक सॉफ्टवेअरमधलं जोडपं आलं, फार गोड मुलं होती, त्यांना गाडी आवडली पण लाल हवी होती. दादाने त्यांना पाणी दिलं, सरबत नाही. पानशेतच्या वाटेवर रिसॉर्ट असलेले एक गृहस्थ म्हणाले, हिरवळीवर चौथरा बांधून वर ठेवू, पाहुणे फोटो काढतील. दादा शांतपणे म्हणाला, "पुतळा हवा असेल तर महापालिकेत विचारा. त्यांच्याकडे अनुभव आहे." गृहस्थ हसले. दादा हसला नाही.

आता आईबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गाडी घरात आली ती टेम्पोच्या मागे दोर बांधून. लष्करातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध साहेबांच्या बंगल्यात ती वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. दादा तेव्हा जेमतेम नोकरीत स्थिरावलेला. घरावर वरचा मजला चढवायचा म्हणून साठवलेले पैसे त्याने या न चालणाऱ्या गाडीत घातले. वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आम्ही सगळे जेवायला एकत्र बसायचो आणि ताटांचा तेवढा आवाज यायचा. दादा वाळत चालला होता. मी कॉलेजात होते, मला दोघांचाही राग यायचा.

दसरा तोंडावर होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा व्हायची, दादाचे पाने आणि वडिलांचा हातोडा पाटावर मांडून. त्या वर्षी आईने पाटावरची पूजा आटोपली, तबक उचललं आणि कोणाला काही न बोलता अंगणात गेली. गाडीच्या बॉनेटवर, पुढच्या टोकाजवळ मधोमध, तिने हळद लावली, कुंकू लावलं. नुसतं टेकवलं नाही, चांगलं दाबून लावलं. मग दार उघडून शेजारच्या सीटवर जाऊन बसली. न चालणाऱ्या गाडीत, तबक मांडीवर घेऊन, सुती साडीचा पदर डोक्यावर ओढून. दादा चाकाशी उभा होता, त्याला कुठे बघावं कळत नव्हतं. थोड्या वेळाने आई उतरली आणि म्हणाली, "बरी आहे. ऊन लागतं जरा." एवढंच. वडीलही हळूहळू बोलायला लागले. वरचा मजला पुढे दादानेच बांधला.

त्यानंतर दरवर्षी खंडेनवमीला आईचं कुंकू त्याच जागी. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. त्या जागी तळहाताएवढा रंग निस्तेज दिसायला लागला होता. बाकीची गाडी अशी चकचकायची की बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा, आणि मधेच हा मंद डाग. मला खात्री होती की कुंकवाने रंग खाल्ला. म्हणून एका वर्षी मी म्हटलं की आता कुंकू टायरला लावते. दादा एरवी आवाज चढवत नाही. त्या दिवशी म्हणाला, "जागा बदलायची नाही." मग मी म्हटलं, निदान तेवढं पॉलिश तरी कर की, सगळ्या गाडीला करतोस. त्यावर तो उठून गेला. मीही नाद सोडला. आमच्या घरात ज्या गोष्टींवर माणूस उठून जातो त्या पुन्हा विचारायच्या नाहीत असा अलिखित नियम आहे.

भाद्रपद संपत आला तेव्हा रविवार पेठेतल्या एका हत्यारांच्या दुकानाचे मालक आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, पायातल्या चपला कोणी न सांगता दाराबाहेर काढलेल्या. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिलेलं मुसलमान कुटुंब, मराठी आमच्याइतकीच स्वच्छ. दादाने अनेक वर्षं त्यांच्या वडिलांकडून भोकं पाडायचे ड्रिल आणि आटे पाडायचे टॅप घेतले होते हे बोलता बोलता निघालं.

"जाहिरातीत दोष वाचले म्हणून आलो," ते म्हणाले. "आमच्या धंद्यात जो मालाचं वाईट आधी सांगतो, त्याच्याकडून घ्यायला भीती वाटत नाही."

"कुठे चालवाल?" दादाने विचारलं. हा त्याचा परीक्षेतला पहिला प्रश्न असायचा.

"दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी. खडकवासल्याच्या पुढे, जिथे रस्ता मोकळा मिळेल तिथे. बायकोला वारा लागला पाहिजे, अशी तिची फर्माईश आहे."

दादाने मला खूण केली. मी सरबत केलं.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, हात मागे बांधून. कशालाही हात लावला नाही, टायरला लाथ मारली नाही, दार आपटून पाहिलं नाही. मग गुडघ्यांवर बसून खालून बघितलं आणि उठताना नुसतं "वा" म्हणाले. रंगाच्या अटीवर म्हणाले, "मूळ रंग असेल तर मी कशाला हात लावू? पण साहेब, एक करू. एका तटस्थ माणसाला बोलावून किंमत काढू. म्हणजे तुम्ही फसायला नको आणि मीही. तो म्हणेल ते मी देतो." दादाला हे मनापासून आवडलं. मोजमाप करून ठरवायचं म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो.

तो तटस्थ माणूस खराडीहून आला. जुन्या गाड्यांची किंमत काढून देणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीत कामाला होता, तरुण, पाठीला सॅक, बोलण्यात निम्मं इंग्रजी. मी मनात म्हटलं, हा काय सांगणार. पण त्याने चार तास घेतले आणि मान वर केली नाही. इंजिनवरचा नंबर, दाराच्या फटी, सीटच्या खालचा पत्रा, सगळं बघितलं. अधूनमधून "सर, हे सीरियसली अजून ओरिजिनल आहे?" असं विचारायचा आणि दादा मान हलवायचा. मग त्याने खिशातून एक छोटं यंत्र काढलं. ते पत्र्यावर टेकवलं की वर रंगाची जाडी दिसते, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. दार, मडगार्ड, मागचं झाकण. आकडे सत्तरच्या आसपास, थोडे इकडे तिकडे. मुलगा खूश होत चालला होता.

"सर, गाडी एकदा पण री-पेंट झालेली नाहीये. उलट पॉलिश करून करून पेंट पातळ झालंय. मी असं बघितलेलं नाही." आणि त्याने एक आकडा सांगितला. मला वाटलं एखादं शून्य जास्त लागलं. दादा तर सरळच म्हणाला, "चुकतंय तुमचं." रविवार पेठवाले मात्र हसून म्हणाले, "चुकलेलं नाही साहेब. मी याच्याच आसपास धरलं होतं."

मग मुलाने यंत्र बॉनेटच्या त्या मंद डागावर टेकवलं. एकशे चौदा. त्याने पुसून पुन्हा टेकवलं. एकशे बारा.

"सर, इथे काम झालंय," तो म्हणाला. "स्पॉट रिपेअर. समोरून कुठे तरी लागलं असेल, मग पॅच मारून टाकला. फिनिश पण बघा ना, मॅच नाहीये."

"नाही झालेलं," दादा म्हणाला.

"कदाचित तुमच्या आधीच्या ओनरने..."

"नाही."

मुलगा अवघडला. चूक त्याची नव्हती, त्याने यंत्रात दिसलं ते सांगितलं. मूळ रंग म्हणता येणार नाही, किंमत तिसऱ्या हिश्शाने खाली येईल, आणि पॅच दिसतोच आहे तर सगळं बॉनेट खरवडून नव्याने रंगवून घेतलेलं बरं, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. रविवार पेठवाले डागाकडे बघत होते, मग दादाकडे. त्या बघण्यात संशय नव्हता, पण आधीचा भरवसाही राहिला नव्हता. दोष लिहून विकणाऱ्या माणसाने एक दोष लपवला, एवढाच त्याचा अर्थ होत होता.

दादाची मान खाली गेली. त्याने आयुष्यभर यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवला होता. कारखान्यात मोजमाप आणि माणूस यांत भांडण झालं की तो मोजमापाच्या बाजूने उभा राहायचा. आता आकडा त्याच्या विरुद्ध उभा होता. "व्यवहार राहू द्या," तो म्हणाला. "गाडी विकायची नाही." आणि आत निघून गेला. थरथरणारा हात त्याने दुसऱ्या हातात धरला होता.

मला इतका संताप आला की समोर मुलगा होता म्हणून त्याच्यावरच निघाला. "त्या डागावर तुम्ही दोनदाच मोजलंत," मी म्हटलं. "दोन बिंदूंवरून कोणी नकाशा काढतं का? बोटबोटभर अंतरावर मोजा आणि मला आकडे सांगा." शाळेत हा आवाज ऐकून मागच्या बाकावरची मुलंही उभी राहायची. त्याने निमूट यंत्र उचललं. मी एक पाठकोरा कागद घेऊन गॅरेजच्या पायरीवर बसले. तो सांगत गेला, मी त्या त्या जागी आकडा मांडत गेले. मधे एकशे चौदा. बाजूला एकशे आठ. मग नव्वदीत. मग ऐंशीत. मग सगळीकडे सत्तर.

भूगोलाच्या बाईला आकड्यांचा असा पसारा दिसला की तिचा हात आपोआप चालतो. मी सारख्या उंचीचे आकडे रेषेने जोडले. एक रेषा, तिच्या बाहेर दुसरी, तिच्या बाहेर तिसरी. समोच्च रेषा. वर्षानुवर्षं फळ्यावर काढल्या, पण इथे माझाच हात सावकाश होत गेला. कागदावर एक टेकडी उभी राहत होती. आंब्याच्या कोयीसारखी लांबट, सगळ्या बाजूंनी सारखा उतार. कुठेही कडा नाही.

"पॅच मारला असता तर कड लागली असती ना?" मी विचारलं.

मुलगा शेजारी उकिडवा बसला होता. "हो मॅडम. एकदम जंप यायला हवा होता. हे तर... स्लोप आहे."

दरवर्षी मी मुलांना शिकवायचे की काही टेकड्या वर उचललेल्या नसतात. आजूबाजूचा सगळा मुलूख ऊन-वारा-पाण्याने झिजत झिजत खाली जातो आणि जे झिजलं नाही ते मधे उरतं. अवशिष्ट टेकडी. परीक्षेत दोन मार्कांना हमखास. मी हातातल्या कागदाकडे पुन्हा बघितलं. त्या जागी कोणी रंग चढवला नव्हता. बाकीची सगळी गाडी खाली गेली होती. दादाचं कापड प्रत्येक रविवारी त्या पत्र्यावरून फिरलं होतं, इतक्या वर्षांत त्याने रंगाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग हाताने झिजवला होता, आणि त्या तळहाताएवढ्या जागेपाशी येऊन दर वेळी त्याचा हात वळला होता. एकदाही चुकून आत गेला नव्हता. कडेला यायचा तेव्हा हलका व्हायचा, म्हणून तो उतार.

ती आईची जागा होती. पहिल्या खंडेनवमीला तिने दाबून कुंकू लावलं तिथला, त्याच दिवसाचा रंग.

मी कितीतरी वेळ उठलेच नाही. या माणसाबरोबर मी एका घरात वाढले, त्याला कंजूष शब्दांचा, मख्ख म्हणून हसले, त्या डागावरून टोचून बोलले. आणि तो दर रविवारी माझ्या डोळ्यांसमोर हे करत होता. मला त्याचं कौतुक वाटलं असं म्हणणं फार कमी आहे. मला त्याची भीती वाटली, देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर वाटते तशी.

मी दोघांना सांगितलं. आई, तबक, बॉनेट, शेजारच्या सीटवर बसणं, सगळं. पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट एकदाच आणि हळू सांगितली. मुलगा यंत्र हातात घेऊन उभा होता. त्याने त्या जागेपासून हात मागे घेतला. म्हणाला, "मॅडम, रिपोर्टमध्ये यासाठी कॉलमच नाहीये." मग स्वतःच म्हणाला, "मी ओरिजिनल लिहितो. सगळंच ओरिजिनल आहे."

मी आत गेले. दादा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. त्याच्यासमोर मी तो कागद ठेवला. त्याने चष्मा शोधला, लावला, कागद जवळ घेतला. टूलरूमच्या माणसाला नकाशा वाचायला सांगावं लागत नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तिने लावलं तेव्हापासून." तो कागदावरून बोट फिरवत होता. "तिथे कापड कसं घालणार?"

मग मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दादा म्हणाला, "तुझी ही रेषा थोडी चुकली आहे, इकडे उतार जास्त आहे." मी म्हटलं, गप्प बस.

बाहेर रविवार पेठवाले अजून थांबले होते. दादा दिसल्यावर ते पुढे आले. "साहेब, आधीचाच आकडा," ते म्हणाले. "पण गाडी मी आज नेत नाही. दसरा जवळ आला आहे. खंडेनवमी तुमच्याकडे होऊ द्या, दुसऱ्या दिवशी नेतो. दसऱ्याला गाडी घरी आणायची ही पद्धत आमच्याही दुकानात आहे, वडिलांपासून." दादाने हात जोडले. एरवी तो कोणापुढे हात जोडत नाही, कारखान्याच्या मालकापुढेही जोडले नव्हते.

खंडेनवमीला मात्र पूजा झाली नाही. मी तबक तयार केलं, पाटावर पाने मांडले, गाडीपाशी गेले. दादा म्हणाला, "उद्या. रविवार पेठवाले आले की." मी तबक झाकून ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी ते आले, बायकोला घेऊन. तिने आमच्या अंगणातच डोक्याला रुमाल घट्ट बांधला, वाऱ्याची तयारी. दादाने गाडी सकाळी लवकर उठून पुसली होती, शेवटची, आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने. तो नेहमी तेच तुकडे वापरायचा. मी तबक घेऊन पुढे झाले तसा त्याने हात पुढे केला.

"आज मी लावतो."

इतक्या वर्षांत त्याने एकदाही लावलं नव्हतं. आधी आई, मग मी, तो बाजूला उभा. त्याने हळद लावली, ती कशीबशी त्या जागेच्या कडेला लागली. मग अनामिका कुंकवात बुडवली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. कधीकाळी हा माणूस हाताच्या बोटांनी पत्र्यातला उंचसखलपणा सांगायचा. आता बोट हवेतच हेलकावत होतं. ते खाली आलं आणि आईच्या जागेपासून चार बोटं दूर, चकचकीत रंगावर टेकलं, आणि टेकल्यावरही थरथरलं, त्यामुळे कुंकवाची एक वेडीवाकडी रेघ उमटली. दादाने ती पाहिली. दुरुस्त करायला बोट पुन्हा उचललं आणि मग खाली घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला बघवेना. उभ्या आयुष्यात या माणसाचं काम असं जागेवरून घसरलं नव्हतं.

रविवार पेठवाले पुढे आले. वाकून त्यांनी आईची जागा पाहिली, मग दादाची रेघ पाहिली. मग आपला तळहात बॉनेटपासून थोडा वर, न टेकवता, हवेत धरला आणि हळूहळू सरकवला, आईच्या जागेपासून दादाच्या रेघेच्या पलीकडे. माप घेत होते.

"म्हणजे आता इथपर्यंत कापड घालायचं नाही," ते म्हणाले. "बरोबर?"

दादा त्या हाताकडे बघत राहिला.

"बरोबर," तो म्हणाला. "आणि बाकीच्या गाडीला कापड सुती घ्या."